लेकीच्या गच्चीवरचं रान

आबा, मला एका जागी बसवत नाही. चहा ठेवते आणि उकळी यायच्या आत गच्चीवर जाऊन येते. कुंडीच्या मातीत बोट घालते, पाईप हलवून बघते, खाली येते, तोवर चहा उतू गेलेला असतो. तुमचा जावई सुधीर म्हणतो, "अगं, घटकाभर टेक की." टेकलं की समोर तुमची खुर्ची येते, म्हणून परत वर. डॉक्टरांनी तुम्हाला जिना चढायची बंदी केली होती आणि तुम्ही ती मोडायचात म्हणून मी रोज ओरडायचे. आता त्याच जिन्यावर माझा दिवस जातो. तुम्ही असता तर कठड्याला टेकून हसला असता.

रडू येतं, नाही असं नाही. पण रडतानाही तुमच्याशी भांडण चालूच असतं. बाकीच्या लेकी बापाच्या आठवणी काढतात, मी मुद्दे काढते. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तुम्ही उठून गेलात, ही कुठली रीत?

जे घशात अडकलंय ते आधी बोलून टाकते. आई गेल्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी म्हणून तुम्ही गावाहून, अंथुर्ण्याहून, बारामतीला माझ्याकडे आलात. "डोळा उघडला की जातो," म्हणालात आणि राहिलात. वर्षं गेली. पण राहिलात ते पाहुण्यासारखे. कपड्यांची पिशवी कायम भरलेली, खिळ्याला टांगलेली. कपाटात मी तुमच्यासाठी कप्पा रिकामा केला, तो रिकामाच राहिला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने विचारलं तरी तुमचं उत्तर ठरलेलं, "लेकीकडं आलोय चार दिस." मी चिडून म्हणायचे, "आबा, हे तुमचंच घर आहे." त्यावर तुम्ही म्हणायचात, "बापाचं घर लेकीचं आसतं पोरी. लेकीचं घर बापाचं नसतं." असली वाक्यं तुम्हाला कुठून सुचायची देव जाणे. 

आणि त्या सकाळी चहाचा कप अर्धा ठेवून तुम्ही खुर्चीतच गेलात. मी गावी दादाला फोन लावला. दादाला बोलवेना, तेव्हा नानांनी फोन घेतला. तुमचे धाकटे भाऊ. तुमच्यासमोर कधी मान वर केली नाही, पण भावकीत शेवटचा शब्द त्यांचाच. "वैशे, त्यास्नी हिकडं घिऊन या," ते म्हणाले. "लेकीच्या दारातनं तिरडी निघत न्हाय." मी हो म्हटलं. त्या वेळी मला काय कळत होतं? शेजारच्या बायका पायऱ्यांवर उभ्या होत्या, त्यांनी पदराने डोळे टिपले आणि गाडीचं दार लागलं. एवढी वर्षं राहिलेल्या माणसाला अर्ध्या तासात गावाला लावून दिलं. तुम्ही इथं पाहुणे म्हणून राहिलात आणि पाहुणे म्हणूनच निघालात, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला ते मान्य नाही. पण ते मान्य नाही असं म्हणायला तुमचा शब्द हवा, आणि तुम्ही तो तोंडावर कधी दिला नाहीत. सारखी उठते-बसते ती याच्यासाठी.

गच्ची तुम्हाला दिली ती तुमचं मन लागावं म्हणून. मी दिवसभर एमआयडीसीत, डेअरीच्या लॅबमध्ये दुधाचे नमुने तपासत. सुधीरच्या पाळ्या. घरी आले की तुम्ही सकाळचाच पेपर हातात घेऊन बसलेले असायचात. म्हणून मोगऱ्याच्या आणि मिरचीच्या चार कुंड्या आणल्या. तुम्ही वाकून बघितलंत, कुंडी उचलून खालचं भोक पाहिलंत आणि म्हणालात, "ह्याला खाली जमीन न्हाय. आपुन देऊ तेवढंच ह्याचं." मला वाटलं, नाक मुरडताय. पण मध्ये अंथुर्ण्याला चक्कर टाकून आलात ते दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून, उसातून काढलेल्या ठिबकच्या नळ्यांचं वेटोळं गळ्यात अडकवून. एमआयडीसीच्या चौकात लोक वळून बघत होते म्हणे.

तिथून आपलं पहिलं भांडण. उसाच्या नळीला ठरावीक अंतरावर आतूनच भोकं असतात. मी म्हटलं, आबा, कुंड्यांसाठी बारीक नळ्या मिळतात, प्रत्येक कुंडीला वेगळा ड्रिपर लावता येतो, मी आणते. "चांगली नळी आसताना नवी कशाला?" म्हणालात, आणि नळी गच्चीभर सरळ अंथरून जिथे भोक येईल तिथे कुंडी नेऊन ठेवलीत. कुंडीप्रमाणे पाईप वाकवायचा, हे जगात सगळे करतात. पाईपप्रमाणे कुंड्या ओळीत उभ्या करणारे तुम्हीच. एक भोक नेमकं जिन्याच्या दारात आलं, तर तिथेही वांग्याची कुंडी. वाळत घालायच्या कपड्यांची बादली घेऊन आम्ही तिरके होऊन जायचो. "कुंडी जरा सरकवू का?" विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "सरी मोडायची न्हाय."

पाणीही उसासारखंच. कालव्याचं पाणी पाळीने येतं, आली पाळी की रान तुडुंब भरून घ्यायचं, मग परत पाळी येईपर्यंत आभाळाकडे बघायचं. हे तुमच्या हाडात मुरलेलं. पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही कुंड्या अशाच भरल्यात. खालच्या भोकातून तांबडं पाणी वाहायला लागलं की समाधानाने कॉक बंद, आणि मग चार दिवस बघायचं नाही. चैत्र-वैशाखातलं बारामतीचं ऊन, खाली तापलेला स्लॅब, बाजूने तापलेली कुंडी. दुसऱ्या दिवशी माती दगड. मिरची आधी पिवळी पडली, मग वाळली. आणि ते तांबडं पाणी पन्हाळीतून शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर! काकू तावातावाने वर आल्या. तुम्ही त्यांना ओंजळभर वांगी दिलीत आणि म्हणालात, "ताई, नवीन रान हाय, अजून पाणी कळंना." त्या वांगी घेऊन गेल्या. मी खाली कपाळाला हात लावून बसले होते.

पण कळलं तुम्हाला. चुकलेलं पीक तुम्ही कधी दुसऱ्यांदा चुकवलं नाहीत. पुढे मीच कुणाकुणाला सांगायला लागले की आमच्या आबांचं म्हणणं, कुंडीला रोजचं जेवण लागतं, सणाचं नाही. पहाटे थोडं, संध्याकाळी गरज वाटली तर आणखी थोडं. मातीवर उसाच्या पाचटाचा, वाळल्या पानांचा थर, म्हणजे ऊन थेट बसत नाही. आणि तो रविवार आठवतो? भर दुपारी मिरचीने माना टाकल्या म्हणून मी कॉक सोडायला धावले. तुम्ही माझा हात धरून नळीच्या तोंडाखाली ठेवलात. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं ते पहिलं पाणी, चटका बसला. "हे पाजतीस व्हय?" तुम्ही विचारलंत. "दुपारी समदीच मान टाकत्यात. सांजच्याला उचलली न्हाय तर मग तिची तहान खरी." संध्याकाळी मिरची आपली आपण उभी. त्यानंतर आपण नळीही पाचटाखाली गाडली.

माझीही एक बाजी लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळं तुम्हीच जिंकलात. भोकं बुजायला लागली तेव्हा तुम्ही सुईने टोकरत बसायचात. मी त्या पांढऱ्या थरावर व्हिनेगरचा थेंब टाकला, तो फसफसला. बोअरच्या पाण्यातले क्षार. मग नळ्या सौम्य ॲसिडच्या पाण्यात भिजवल्या आणि गच्चीसाठी निळा बॅरल वेगळा ठेवला, फक्त नळाच्या पाण्याचा. तो तुम्ही विटांवर चढवलात, पाण्याला जोर यावा म्हणून. "ल्याबचं शिक्षण वाया न्हाय गेलं," एवढं म्हणालात. तुमच्या तोंडून तेवढंही फार होतं. मला त्या दिवशी लॅबमध्ये उगाच गाणं म्हणावंसं वाटत होतं.

मग तुमच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी जिना बंद केला आणि मी टायमर आणला. बॅटरीवर चालणारा, मुठीएवढा. पहाटे आपोआप खट् करून उघडतो, ठरल्या वेळाने खट् करून मिटतो. मला वाटलं तुम्ही सुटलात. तुम्ही तर पेटलात. "दारं धरायला माणूस लागतो," तुमचा एकच हेका. पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत वळवायला खोरं घेऊन तुम्ही जन्मभर उभे राहिलात, चिखलात, थंडीत. मी म्हणायचे, "आबा, ठिबकला दारं नसतं. माणूस मोकळा व्हावा म्हणूनच ते काढलंय." तुमचं उत्तर, "पानी सुटल्यावर तितं कोन उभंच नसंल तर त्याला पानी देनं म्हनत न्हाईत. त्याला गळती म्हनत्यात." आणि टायमरने काम केलं का, हे बघायला तुम्ही रोज पहाटे जिना चढायचात! जिना वाचवायला आणलेल्या यंत्रावर देखरेख करायला जिना. यावरून मी इतकी भांडले की शेवटी सुधीर म्हणाला, तुम्ही दोघं गच्चीवरच राहायला जा.

मी अजूनही म्हणते, टायमर आणला ते बरोबर केलं. आता पुढचं ऐका आणि खुशाल हसा.

दहाव्यापर्यंत मी अंथुर्ण्यातच होते. नरसिंहपूरला संगमावर दहावा झाला. दोन नद्यांचं पाणी डोळ्यासमोर वाहत होतं, भटजी दादाला काही सांगत होते, नाना सगळ्यांना सावलीत बसवत होते. एवढं पाणी बघून तरी मला बॅरल आठवायला हवा होता. आठवला नाही. मी आपली मनात म्हणत होते, टायमर आहे, झाडं बरी असतील. चला, एक तरी काळजी नाही.

बारामतीत आले, पहाटे वर गेले. टायमर खट् वाजला आणि नळीतून नुसती हवा सुरसुरली. बॅरल कोरडा ठणठणीत. तळाशी एक मेलेली माशी. टायमर बिचारा रोज वेळेवर उघडत होता, रोज वेळेवर मिटत होता. बॅरल रोज सकाळी नळाला पाईप लावून कोण भरत होतं, हे आमच्या घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं. सुधीर नोकरीसाठी इथे राहिला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "आवाज येत होता गं पहाटे. म्हटलं, पाणी चाललंय." वांगी गेली. मिरची गेली. मोगऱ्याच्या काड्या झाल्या. मी त्या कोरड्या बॅरलला धरून इतकी रडले की शेजारच्या काकू धावत वर आल्या. तुम्ही गेलात तेव्हाही मी तशी रडले नव्हते.

जिंकलात, आबा. घ्या. पण जिंकल्यावर समोर बसून मिशीतल्या मिशीत हसायला नको का माणसाने?

त्या दिवसापासून ही माझी वरखाली. पहिल्याच दिवशी घाईने बादलीभर पाणी ओतायला निघाले होते. पण वाळलेली माती पाणी धरतच नाही, कडेकडेने सगळं खाली निघून जातं, हे तुम्हीच दाखवलं होतं. तहानलेल्या माणसाला एकदम पाणी पाजत नाहीत म्हणायचात. म्हणून वर जुनी साडी बांधून सावली केली, एकेका कुंडीला वाटीवाटीने पाणी दिलं, थांबले, परत दिलं. कढीपत्त्याची सगळी पानं गळली होती. नखाने खोड जरा खरवडलं तर आत हिरवं! मी एकटीच मोठ्याने "हाय! जित्ता हाय!" म्हणाले, अगदी तुमच्यासारखी. मोगऱ्याचंही एक खोड आतून हिरवं निघालं. बाकीच्यांचं अजून सांगता येत नाही. म्हणून बोट घालून बघते, दिवसातून किती वेळा ते विचारू नका.

आणि अशात रविवारी दादा टेम्पो घेऊन आला. तुमची खाट, तुमची पिशवी न्यायला. इतक्या वर्षांत तो आला की सोफ्याच्या कडेवर बसायचा, चहा प्यायचा, तुम्हाला "चला की घरी" म्हणायचा आणि जायचा. गच्चीवर तो पहिल्यांदाच चढला. "कुंड्या बी न्हेतो," म्हणाला. "बांधाला जमिनीत लावतो, तितं ठिबक हाय. आबाच्या वस्तू आबाच्या घरी बऱ्या."

"दादा, झाडं अजून जगली-मेली कळत न्हाय. आत्ता हलवू नगंस."

"तुला कळंना व्हय गं वैशे?" त्याचा आवाज चढला. "बाप भनीच्या दारात टाकला म्हनून गावानं मला किती नावं ठिवली, तुला ठावं हाय? निदान एवढं तरी मला न्हेऊ दे."

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. मला वाटत होतं, तुम्हाला पाहुणा केलं ते या लोकांनी. त्याला वाटत होतं, तुम्हाला पाहुणा व्हावं लागलं ते त्याच्यामुळे. तो पुढे गेला आणि कोपऱ्यात थबकला. रंगाच्या जुन्या डब्यात तुम्ही लावलेला ऊस. पानं करपलेली, पण शेंडा उभा. "ह्यो काय बेत?" तो म्हणाला. "कारखान्याला नोंद दिली का न्हाय ह्याची?" आणि हसता हसता तिथेच मटकन खाली बसून रडायला लागला. मीही बसले. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता.

मग डोळे पुसून दादाने खिशातला चाकू काढला. पाईप कापल्याशिवाय कुंड्या निघणार नव्हत्या. सगळ्या एका नळीला बांधलेल्या, तुम्हीच तशा लावलेल्या. तो वाकला तेव्हा मी बोलले. कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. तुम्हालाही ते माहीत नाही आबा, म्हणून आता तुम्हालाही सांगते.

तुम्ही जायच्या थोडे दिवस आधी तो केबलवाला पोरगा गच्चीवर आला होता. मी धुणं घेऊन जिन्यात होते, वरच्या वळणावर. त्याचा पाय नळीवर पडला असणार. तुमचा आवाज आला, अंथुर्ण्याच्या रानात यायचा तसा, "माझ्या घरात यिऊन माझ्याच पाईपीवर पाय देतो व्हय रं? उतर खाली!" मी धुण्याची बादली छातीशी धरून तशीच उभी राहिले. मग आवाज न करता उलट पावली खाली आले. घटकाभराने तुम्ही चहाला आलात आणि म्हणालात, "तुमच्या त्या केबलवाल्याला जरा समज दे." मी "बरं" म्हटलं आणि पाठ फिरवून साखर शोधत राहिले. एक शब्द जरी बोलले असते तरी तुम्ही लगेच फिरला असता, तसं न्हवं गं, त्वांडातनं निघून गेलं, म्हणाला असता. म्हणून गप्प बसले. वाटलं होतं, कधीतरी सवडीने चिडवीन.

दादा चाकू हातात धरून ऐकत होता. "माझ्या घरात म्हनलं?"

"व्हय."

"आबा म्हनलं?"

"व्हय दादा. माझ्या घरात."

तो सरळ उभा राहिला. मग चाकू मिटून खिशात टाकला. "मग ऱ्हाऊ दे समदं हितंच," म्हणाला. कठड्यावरून वाकून त्याने टेम्पोवाल्याला मोकळं जायला सांगितलं आणि मला विचारलं, "नाना इचारतील. काय सांगू?"

"हेच सांग," मी म्हटलं. "आबा त्यांच्या स्वतःच्या घरातच गेले, म्हणावं."

दादाने ते सांगितलंय. नानांना सांगितलं, भावकीला सांगितलं, पारावर बसणाऱ्यांनाही सांगितलं. आता तुम्हाला तो शब्द मागे घेता यायचा नाही, आबा.